फळ्यावर खोडलेलं क्रियापद

२००९च्या मार्चमध्ये मी दुबईतल्या एका ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत नववीला इतिहास शिकवत होते. नवरा दुबई मरीनातल्या एका टॉवरच्या कामावर इंजिनिअर होता. मंदीत ते काम बंद पडलं आणि तो बिनपगारी रजेवर घरी बसला. घर माझ्या नोकरीवर चाललं होतं. स्टाफरूममध्ये दर आठवड्याला कुणीतरी निरोपाचा केक कापायचं. प्रत्येकजण जपून बोलायचा, मीही.

साम्राज्यांच्या अस्ताचा धडा होता. पुस्तकात वाक्य होतं, ‘ब्रिटनने आपल्या वसाहतींना स्वातंत्र्य दिले.’ आदल्या वर्षी मी ते वाचून पुढे गेले होते. या वेळी जमेना. समोर केनियाची, पाकिस्तानची, अल्जीरियाची, आपली मुलं बसली होती. मी वाक्य फळ्यावर लिहिलं, ‘दिले’ खोडलं आणि मुलांना म्हटलं, घरी आजी-आजोबांना विचारा, खरं काय झालं.

दोन दिवसांनी अल्जीरियाची एक मुलगी उभी राहिली. वर्षभरात ती वर्गात क्वचितच बोलली होती. तिने आजीला फोन केला होता. आजीच्या लहानपणी अल्जीरियावर फ्रेंचांचं राज्य होतं. आजीच्या फ्रेंच शाळेत भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे : स्वातंत्र्य, समता, बंधुता. आठ वर्षांच्या आजीने बाईंना विचारलं, यातलं आमच्यासाठी कुठलं? बाईंनी हातावर पट्टी मारली. पुढे लढा पेटला तेव्हा आजी टोपलीत भाजीखाली लपवून औषधं पोचवत असे.

“आजी म्हणाली, त्यांनी आम्हाला वाचायला शिकवलं. मग आम्ही वाचलं.”

मग मी पुस्तक मिटून हैतीबद्दल, कॅरिबियनमधल्या फ्रेंचांच्या जुन्या वसाहतीबद्दल सांगितलं. सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र असतात, असं फ्रेंच राज्यक्रांतीत पॅरिसमध्ये जाहीर झालं, तेव्हा लिहिणाऱ्यांच्या मनात समुद्रापलीकडचे उसाच्या मळ्यातले गुलाम नव्हते. पण शब्द तिथवर पोचले. आपण माणसं नाही का, असं म्हणत गुलाम उठले आणि त्यांनी आपला देश उभा केला. विचार एकदा बाहेर पडला की तो कुणी वापरावा, हे मालकाच्या हातात राहत नाही. आपल्याकडेही तेच झालं, हे मी सांगत असताना घंटा झाली, पण कुणी उठलं नाही.

एका पालकाने तक्रार केली. विभागप्रमुखांनी मला बोलावलं. ते इंग्रज गृहस्थ वाईट नव्हते, तेही घाबरलेले होते. दिवस कसे आहेत ते पाहताय ना, म्हणाले आणि एक पत्र पुढे सरकवलं. मी अभ्यासक्रम सोडून बोलले, त्याबद्दल दिलगीर आहे, असा मजकूर होता. खाली फक्त माझी सही हवी होती.

मी पत्र परत त्यांच्याकडे सरकवलं. म्हटलं, “आमच्या माणसांनी तुमचीच पुस्तकं वाचून तुम्हाला जाब विचारला. हे अभ्यासक्रमात नसेल, तर अभ्यासक्रम अपुरा आहे. सही करणार नाही.”

घरी लेक वैतागली. “आई, जस्ट साइन इट ना.” नवऱ्याने बऱ्याच दिवसांत दाढी केली नव्हती. त्याने एवढंच विचारलं, “खोटं काय बोललीस?”

“काहीच नाही.”

“मग सही कशाची?”

जूनमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुढे वाढवलं नाही. कारण मंदी असं लिहिलं होतं. त्या वर्षी सगळ्याला तेच कारण चालायचं. आम्ही मोठा फ्लॅट सोडून देरा या जुन्या वस्तीत दोन खोल्यांत आलो. शाळेतल्या माझ्या शेवटच्या दिवशी ती अल्जीरियन मुलगी आईला घेऊन आली. आईला इंग्रजी येत नव्हतं. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि अरबीत बराच वेळ काहीतरी सांगितलं. त्या मुलीने भाषांतर केलं नाही, मीही मागितलं नाही.

पुढे तीन शाळांत मुलाखती दिल्या. आधीची नोकरी का गेली, असं प्रत्येक ठिकाणी विचारलं आणि प्रत्येक ठिकाणी मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. दोन शाळांतून नंतर फोन आला नाही. तिसरीतून आला.