अक्कांचा अंधार

अक्का अंधारात कापसाचं पान नुसत्या बोटांनी चाचपून खुडायच्या; शेजारच्या पानाला धक्काही लागायचा नाही. उजेडात मात्र स्वतःच्याच टेबलाला धडकायच्या. जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख, आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी.

"झाडले बठ्ठं ठाऊक शे," झाडाला सगळं ठाऊक असतं, असं त्या आपल्या अहिराणीत म्हणायच्या. सूर्य उगवण्याआधीच पानातली उजेड पकडणारी जनुकं कामाला लागतात. झाड काळोखात कोंडलं तरी त्याच्या आतल्या घड्याळानुसार काही दिवस हे चालूच राहतं. गावरान कापूस संकरित कापसाच्या आधी जागा होतो, हा अक्कांचा हट्ट. लोक हसायचे. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या आणि त्याआधी त्यांना हे सिद्ध करायचंच होतं.

रोपं काळोख्या खोलीत ठेवली. ठरावीक वेळाने पानं खुडून गोठवायची. जरासा उजेड आत गेला की झाडाचं घड्याळ सरकणार आणि सगळी मेहनत पाण्यात. त्या दिवसांत दाराशी कुणी शिंकलं तरी अक्का अंगावर यायच्या. धड जेवत नव्हत्या, झोपत नव्हत्या. मला तर दाराच्या फटीची धास्तीच बसली होती.

शेवटच्या संध्याकाळी त्या आत गेल्या. मी बाहेर पानं गोठवायचा डबा धरून उभी. एकाएकी दाराखालून पांढरा उजेड आला. आत धावले, तर ट्यूबलाइटसमोर अक्का हात जोडून, डोळे मिटून उभ्या! दिवेलागणीला बटण दाबायचं आणि नमस्कार करायचा, ही जन्माची सवय. दमलेल्या हातांनी ती आपसूक पाळली होती.

मी झटकन बटण बंद केलं. "अक्का, कुणाला कळणार नाही."

"झाडले समजनं ना, माय." अंधारातून आवाज आला. मग, "बठ्ठा रोपं फेकी दे."

मी हातापाया पडले. त्या ऐकेनात. प्रयोग नव्याने करायला दिवस उरले नव्हते; महिनाअखेरीस निरोपाचा हार घालून घेतला आणि भडगावला घरी निघून गेल्या. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

पुढच्या वर्षी तोच प्रयोग मी केला. गावरान आणि संकरित, दोन्ही एकाच वेळी जागे झाले. फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. शेवटी लावला.

"अक्का, तुमचा अंदाज चुकला."

त्यांनी विचारलं, "अंधार पक्का व्हता ना?"

"होता."

"मंग लिखी टाक. आनि अंदाज कोना व्हता, तेबी लिख."

लिहिलं. त्यांच्या नावाची ती एक ओळ लिहिताना मला रडू आवरलं नाही.