‘चूक माझी’ असे लिहिणाऱ्या कदम मॅडम

कृषी सहायक म्हणून अक्कलकोट तालुक्यात रुजू झालो, त्याच दिवशी विमल कदम मॅडमची ओळख झाली. त्या आमच्या पर्यवेक्षक. माझा रुजू अहवाल हातात घेत त्यांनी एवढेच विचारले, "कन्नड येतं का तुम्हाला?"

"येतं की, मॅडम. घरी तेच बोलतो."

"मग चला, मैंदर्गीकडं जायचंय."

वाटेत त्यांनी हकीकत सांगितली. गुरव्वा नावाच्या वृद्ध शेतकरी बाईंनी ठिबक संचाच्या अनुदानासाठी अर्ज केला होता. तपासणीला मॅडमच गेल्या होत्या. रानात नळ्या दिसल्या नाहीत. त्यांनी ‘संच आढळला नाही’ असा शेरा लिहिला आणि अर्ज नामंजूर झाला.

"पण आजी काहीतरी जीव तोडून सांगत होत्या," मॅडम म्हणाल्या. "मला कन्नड कळेना. मी गाडी चालू केली आणि निघून आले. तेव्हापासून चैन नाही."

आम्हाला पाहताच गुरव्वांनी पाठ फिरवली. मी कन्नडमधून विनवले, तेव्हा त्यांनी आतल्या खोलीचे दार उघडले. नळ्यांची वेटोळी पार छतापर्यंत रचलेली होती! कांदा निघाल्यावर खतासाठी रानात मेंढ्या बसवल्या होत्या. त्यांच्या पायांखाली नळ्या फुटू नयेत म्हणून गुंडाळून ठेवल्या, असे त्यांनी सांगितले. मग मॅडमकडे वळून त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "गाव म्हनतंय, म्हातारीनं सरकारला फसवलं. मी चोर न्हाय, बाई."

मॅडम तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि लिहू लागल्या : ‘शेतकऱ्याचे म्हणणे समजून न घेता मी चुकीचा अहवाल दिला. चूक माझी आहे.’

मी घाबरलो. "मॅडम, ‘फेरतपासणीत संच आढळला’ एवढं लिहिलं तरी काम होतंय की."

"काम होईल हो. पण लोक म्हणतील, आजींनी मागनं पाईप आणून ठेवले. त्यांच्यावरचा डाग कोण पुसणार?"

त्या अहवालापायी मॅडमना कारणे दाखवा नोटीस आली, वेतनवाढ रोखली गेली. तरीही कन्नड गावांतल्या आपल्या सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्यात, असा अर्ज त्यांनी स्वतःहून दिला. त्यात आणखी दोन शेतकऱ्यांना न्याय मिळाला. गुरव्वांचे अनुदान मंजूर झाले, तेव्हा मॅडमनी तो अहवाल गावच्या चावडीवर मराठीत वाचला, मला कन्नडमध्ये वाचायला लावला. गुरव्वा उभ्या राहिल्या, साऱ्या गावावरून नजर फिरवून कन्नडमध्ये म्हणाल्या, "आता ऐकलंत ना?" आणि ताठ मानेने घरी गेल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याहून मोठे काही मी पाहिलेले नाही.

पुढे मॅडम कन्नड शिकल्या. त्यांचे उच्चार ऐकून बायाबापड्या पोट धरून हसत, मॅडमही हसत. माझ्या वडिलांचे ऑपरेशन झाले, तेव्हा माझ्या वाट्याची गावेही त्यांनीच फिरून काढली. मला मात्र महिन्याने, तेही दुसऱ्याकडून कळले.

निवृत्तीनंतर मॅडम करकंबला स्वतःचे रान कसतात. योगायोगाने माझी बदली तिथेच झाली आणि गेल्या हंगामात त्यांचा अनुदानाचा अर्ज माझ्यासमोर आला. "मॅडम, तुमचं काय तपासायचं?" असे मी म्हणताच त्या कडाडल्या, "आधी रान बघा, मग सही करा!" टळटळीत उन्हात त्यांनी मला बांधन् बांध फिरवले. मी धापा टाकत होतो; त्या मात्र माझ्या दहा पावले पुढेच.

मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि आम्हाला असेच त्यांच्या दहा पावले मागून चालायला मिळो.