बदलीची डॉक्टरीण

लालबागच्या त्या धर्मादाय सूतिकागृहात डॉ. कालिंदी ताम्हनकर सहा आठवड्यांसाठी आली होती. चार वर्षं ती अशीच कोणाच्या ना कोणाच्या रजेवर काम करत होती. खुर्ची दुसऱ्याची, स्टेथोस्कोप तेवढा स्वतःचा. या वेळी मात्र संस्थेच्या सेक्रेटरींनी शब्द दिला होता, काम नीट झालं तर कायम करू. ठाकूरद्वारला तिच्या वडिलांनी, अप्पांनी, ते शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

खाटा अकरा, आणि उकळायच्या सुया त्याहून कमी. मागे औषधं चोरीला गेली होती, म्हणून इंजेक्शनांच्या कपाटाला कुलूप आणि वर लाखेची मोहोर. किल्ली कायमच्या डॉक्टरांकडे, आणि ते डॉ. रघुवीर ती खिशात घेऊनच रजेवर कोकणात गेलेले. दुसऱ्या किल्लीसाठी कालिंदीनं सेक्रेटरींना दोनदा चिठ्ठी पाठवली. तिसऱ्यांदा तगादा लावणं तिला बरं दिसेना.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाचा दिवस होता. दुपारी चंपा बाळंत झाली, मुलगी झाली, आणि रक्त थांबेना. मोठ्या इस्पितळाची गाडी मोर्चात अडकलेली, आणि रक्त थांबवायचं इंजेक्शन कुलपात.

"बाई, वरवंटा आणते. हाणा त्या कुलपावर," सुभद्रा आया म्हणाली.

"सेक्रेटरींना विचारू. धोंडूला पाठव."

"आता विचारायचं? त्यांच्या घरचं बाळंतपण आहे का?"

धोंडू शिपाई गेला. कालिंदी चंपाचं पोट चोळत राहिली, कापडाचे बोळे दाबत राहिली, दाराकडे बघत राहिली. अर्ध्या तासानंही धोंडू परतला नाही, तेव्हा तिनं स्वतःच वरवंटा उचलला. कुलूप एका घावात तुटलं. इंजेक्शन दिलं तेव्हा चंपाचे ओठ पांढरे पडले होते. दिवेलागणीपूर्वी ती गेली.

तिचा नवरा भिवा गिरणीत बदली कामगार. रोज फाटकाशी उभं राहायचं, कोणी आला नाही तर जॉबर, म्हणजे मुकादम, सांगेल तसा त्याच्या साच्यावर, मागावर, दिवस काढायचा. सुभद्रानं त्याच्यापासून काहीही लपवलं नाही. तो आत आला तेव्हा कालिंदी शिव्यांची वाट बघत उभी होती.

"तुमचा दोष न्हाई, बाई," तो म्हणाला. "तुमीबी बदलीच. परक्या साच्याला जॉबरला इचारल्याबिगर आमी पाना लावत न्हाई. लावला तर दुसऱ्या दिशी फाटकाभायेर."

कुलूप फोडलं म्हणून मला कोणी हाकललं नसतं, फार तर कायम केलं नसतं, हे तिला सांगता आलं असतं. पुढे आयुष्यभर तिनं ते वाक्य मनात कितीदा तरी म्हटलं. त्या दिवशी मात्र ती नुसती मान खाली घालून उभी राहिली, आणि त्यानं तिला माफ केलं.

"दाखल्यावर सही तुमची चालंल का? का मोठ्या डॉक्टरांची वाट बघायची?"

"माझी चालेल."

तिनं मृत्यूच्या दाखल्यांचं पुस्तक ओढलं. नाव लिहिलं. वय काय ते तिला भिवालाच विचारावं लागलं.