नलिनीताईंचा सूर्य

नलिनीताई सूर्याकडे पाठ करून सूर्य बघायच्या. सिंगापूरच्या वुडलँड्स भागात आमच्याच ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर त्या आपल्या मुलाकडे राहत होत्या, आम्ही नवव्यावर. सकाळी नऊच्या सुमारास त्या कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकायच्या, खांद्यावरून एका जुन्या दुर्बिणीचं तोंड सूर्याकडे करायच्या आणि समोरच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पुरीएवढा सूर्य पाडायच्या. त्यावर काळे डाग दिसायचे. ते पेन्सिलीनं वहीत उतरवायचे, तारीख घालायची, वही मिटायची. "त्याच्याकडे थेट बघितलं तर डोळे जातात," त्या म्हणायच्या. "मोठ्या माणसांकडे असंच आडून बघावं."

एका वेधशाळेत तीस वर्षं त्यांचं हेच काम होतं. रोज सूर्य काढायचा. सिंगापुरात ढगच फार. ढग आले की त्या तारखेखाली नुसतं 'ढग' लिहायच्या. माझी मुलगी प्राची एकदा इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली, "आजी, कालचंच कॉपी कर लाह. हू विल नो?" त्या म्हणाल्या, "मला कळेल ना गं. न दिसलेला एक डाग कागदावर काढला, की सगळी वही खोटी."

मला त्या आवडत नव्हत्या. खरं लिहायचं तर मला त्यांचा हेवा वाटायचा. सत्तरीची बाई, पायाच्या शिरा सुजलेल्या, केसांना तेल नाही, आमटीत मीठ विसरायची. पण आमचे हे रजेवर आले, की चहा घेतल्याबरोबर वर जायचे. हे बोटीवर असतात. दापोलीकडच्या आमच्या गावातून खलाशी म्हणून निघाले आणि परीक्षा देत देत कॅप्टनच्या खालोखालचे चीफ ऑफिसर झाले. मी चौथीवरच राहिले. घरात आमचं बोलणं म्हणजे भाजी, प्राचीची शाळा, एसीची सफाई. वर गेले की ह्यांचा आवाज मोकळा व्हायचा. मी जिन्यात उभी राहून ऐकलंय. रेडिओ मध्येच कसा मुका होतो, कुठल्या समुद्रात पाणी दुधासारखं पांढरं दिसतं. अठरा वर्षांच्या संसारात मला हे कधी सांगितलं नव्हतं. दुधासारखं पाणी!

"सुमन, ये ना वर. आज मोठा डाग आलाय," नलिनीताई लिफ्टमध्ये भेटल्या की म्हणायच्या.

"कुकर लावलाय," मी म्हणायची. कुकर लावलेला नसायचा.

त्या वर्षी सूर्यावर डाग फार वाढले होते. आमच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज यायला लागले. सूर्याचे ध्रुव उलटणार, उत्तरेचा दक्षिणेला जाणार. होकायंत्रं उलटी फिरणार, विमानं भरकटणार, बोटी खडकावर जाणार. एकीनं खाली हात जोडलेले, दुसरीनं 'सर्वांना पाठवा' म्हणून लिहिलेलं. मी तो मेसेज किती वेळा वाचला असेल. बाकीचं विसरायचे, बोटी खडकावर जाणार एवढंच डोळ्यांपुढे राहायचं. ह्यांना आठ दिवसांनी बोटीवर चढायचं होतं. पहिल्यांदाच कॅप्टन म्हणून.

दोन मजले चढून विचारलं असतं तर काम झालं असतं. तिथे सूर्य जाणणारी बाई बसली होती. पण मी विचारलं, की त्या समजावणार, हे बाजूला मान डोलावत उभे राहणार, आणि मी चौथीतली मुलगी होणार. त्यापेक्षा मी घाबरत राहिले. ह्यांना म्हटलं, "ही बोट सोडा, पुढची घ्या."

"कॅप्टनची बोट कोणी सोडतं का गं?" असं म्हणाले आणि गेले वर.

त्यांची पावलं जिन्यात वाजत होती तेवढ्यात मी त्यांची सीडीसी उचलली. सीडीसी म्हणजे बोटीवरच्या माणसाच्या नोंदीचं पुस्तक. ते नसेल तर शिडीवर पाय ठेवू देत नाहीत. इथल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये एक बॉम्ब शेल्टर असतं, आम्ही त्यात अडगळ ठेवतो. तिथे गणपतीच्या मखराचं खोकं आहे. त्याच्या तळाशी ते पुस्तक घातलं.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना शोध सुरू झाला. कपाटं रिकामी झाली, गाद्या उलट्या झाल्या. एजंटाचा फोन आला, उद्या दुपारपर्यंत मिळालं नाही तर दुसरा कॅप्टन पाठवतो म्हणून. ह्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. फोन ठेवून ते जमिनीवरच बसले.

"आई, थिंक लाह! तू कुठे ठेवलं असशील!" प्राची ओरडली.

"मी कशाला ठेवू?" म्हटलं आणि चहाचं आधण ठेवलं.

नलिनीताई दुखऱ्या पायांनी जिना उतरून मदतीला आल्या. थोडा वेळ त्यांनी पुस्तकांच्या मागे बघितलं. मग स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून घेतलं.

"सुमन, कुठंय ते?"

"मला काय माहीत?"

"सगळं घर शोधतंय, आणि तू तिसऱ्यांदा चहा करतेस. पिणार कोण एवढा?"

मला रडू फुटलं. मोबाइल काढून मेसेज दाखवला. वाटलं, आता हसतील. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"ध्रुव उलटणार हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण सूर्याचे, पृथ्वीचे नाही. होकायंत्र पृथ्वीचं ऐकतं. आणि हे दर अकराएक वर्षांनी होतं. तुझ्या जन्मापासून तीनदा होऊन गेलंय. कळलं तुला कधी?"

"मग बोटीला काहीच नाही?"

"डाग वाढले की कधी सूर्यावर वादळं होतात. रेडिओ खरखरतो, जीपीएस थोडं चुकतं. ते तुझ्या नवऱ्याला माझ्याहून जास्त माहीत आहे. मला का नाही विचारलंस?"

इतक्या दिवसांचं तोंडातून निघून गेलं. "तुम्हांला कशाला विचारू? ह्यांचं तुमच्याशी बोलणं संपत नाही, आणि माझ्याशी सुरूच होत नाही!"

आधण उतू जायला आलं, तेव्हा गॅस त्यांनीच बंद केला.

"तीस वर्षं सूर्य काढला मी," त्या म्हणाल्या. "आज काय काढलंस, असं घरात एकदाही कोणी विचारलं नाही. तुझा नवरा विचारायचा. त्या विचारण्याचा मला लोभ सुटला. जिन्यात उभी असायचीस ती दिसायचीस मला. मी कधी दार उघडून तुला आत ओढलं नाही. ते माझं चुकलं." मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "पुस्तक तू तुझ्या हातानं दे. मी होऊन सांगणार नाही, पण मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

मी पुस्तक आणून ह्यांच्या हातात दिलं. त्याला मखराची चमकी चिकटली होती. "मीच लपवलं होतं," म्हटलं, आणि का तेही सांगितलं. प्राचीनं तोंडावर हात ठेवला. ह्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते चमकी झटकत एवढंच म्हणाले, "दोन मजल्यांवर तर होत्या त्या."

दुसऱ्या दिवशी ते कॅप्टन म्हणून चढले. पुढे बरेच दिवस फोन प्राचीला यायचे. माझ्यापर्यंत 'जेवलीस का' एवढंच यायचं.

नवरात्राच्या आधी नलिनीताईंचा इथे राहायचा पास संपला आणि त्या पुण्याला परत गेल्या. जाताना वही प्राचीला दिली. मला त्या वहीत काही कळलं नसतं, तरी मला प्राचीचाही हेवा वाटला. दोन महिन्यांतच त्या तिकडे वारल्या. त्यांच्या मुलानं खाली येऊन सांगितलं. त्या दिवशी ह्यांचा फोन आला तेव्हा प्राची शाळेत होती, म्हणून मलाच सांगावं लागलं.

आधी नुसती इंजिनाची घरघर ऐकू आली, मग ह्यांचं रडणं. स्वतःची आई गेली तेव्हाही हे असे रडले नव्हते. मला नलिनीताईंचं फार वाईट वाटलं. आणि त्याच्या जोडीला तो जुना हेवाही वाटला, तो लपवत नाही.

"फार उत्तरेला आलोय आम्ही," रडणं ओसरल्यावर ते म्हणाले. "परवा सगळ्या आकाशात हिरवा उजेड हलत होता, सूर्यावरच्या वादळाचा. त्यांना सांगायचं ठेवलं होतं."

"मला सांगा."

"तुला त्यातलं कळायचं नाही गं."

"नाही कळलं तर विचारीन."

ते सांगायला लागले. मी दोनदा अडवलं. तिसऱ्यांदा अडवलं तेव्हा "अगं, तेच तर सांगतोय!" म्हणून चिडले, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

आता ते मलाही फोन करतात. बोलता बोलता एखाद्या वाक्याशी थांबतात. तिथे पूर्वी नलिनीताई काहीतरी म्हणत असणार. तिथे काय म्हणायचं ते मला माहीत नसतं. मी "मग?" म्हणते, आणि ते पुढे सांगतात.