समुद्रातला बांध

आमच्या भूगर्भशास्त्र विभागात मला सगळे मामा म्हणतात. पोरंपोरी म्हणतात ते ठीकच, पण माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे असलेले आमचे सरही मला मामाच म्हणतात. कॉलेजात शिपायाला मामा म्हणायची रीत आहे, नात्याचा संबंध नाही. मी मुदखेडकडच्या एका खेड्यातला. सातवीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली. पुढची बरीच वर्षं शेतात काढली आणि मग नांदेडच्या ह्या कॉलेजात लागलो. लावलं ते सरांनी. त्यांचे उपकार मी विसरत नाही, आणि मी विसरलो की काय, ही फिकीरही मला रोज असते.

भूगर्भशास्त्र म्हणजे दगडांची विद्या. माझं काम दगड धुवायचे, पुसायचे आणि फळीवर मांडायचे. सहलीला गेलं की अजून एक काम. हिमायतनगरकडं जावं तर दगड लालसर, लातूरकडं जावं तर काळाकुट्ट. पोरं दगड निवडतात, त्यावर नंबर टाकतात आणि तिथंच सोडून पुढं जातात. मी मागून पोतं घेऊन येतो आणि नंबरवाला प्रत्येक दगड उचलतो. नंबर पडला की दगड माझा. इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही नंबर मागं राहिला नाही. सर हे पाहुण्यांना सांगतात, तेव्हा मी कपाट पुसायचं निमित्त काढून तिथंच उभा राहतो.

तर त्या वर्षी सहल ठरली ती थेट अंदमानातल्या एका बेटावर. पोवळ्यांचे खडक बघायला. यादीत माझं नाव बघून ऑफिसातले बडे बाबू सरांना म्हणाले, "सर, पोरं शिकायला चाललेत. सातवी शिकलेला माणूस समुद्रावर काय करणार? काही घोटाळा केला म्हणजे?"

सर म्हणाले, "मामांची जिम्मेदारी माझी. लिहून देतो." आणि खरंच कागदावर लिहून सही केली.

त्या सहीनं माझी झोप उडाली. आजवर माझ्यासाठी कोणी काही लिहून दिलं नव्हतं. घोटाळा होऊ द्यायचा नाही, मग काहीही होवो, असं मी ठरवून टाकलं.

मला न्यायचं खरं कारण सरांचं पोट. त्यांना भात चालत नाही आणि मासा बघवत नाही. म्हणून मी दहा किलो ज्वारीचं पीठ बरोबर घेतलं. हैदराबादच्या विमानतळावर बंदूकवाल्या जवानानं पिशवी दाबून दाबून बघितली.

"ये क्या है?"

"जवार का आटा है साब."

"इतना?"

"सर का पेट है साब."

त्यानं सरांच्या पोटाकडं बघितलं आणि जाऊ दिलं.

समुद्र मी आधी बघितलेला नव्हता. माझं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाचं. पण ते पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं, आणि दरवाजे उघडायचे असले की आधी गावोगाव सांगतात. इथं तसं काही नाही. पोचलो त्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा पाणी राहुट्यांच्या पुढ्यात होतं. भांडी घासून जरा आडवा झालो, संध्याकाळी उठून बघतो तर गायब. पार लांब गेलेलं, आणि मागं उघडी वाळू, डबकी, खडक.

मी पळत सरांकडं गेलो. "सर, कोणीतरी पाणी सोडून दिलं."

सर हसले नाहीत, हे त्यांचे मोठे उपकार. त्यांनी भरती-ओहोटी समजावली. मग खडक दाखवून म्हणाले, "मामा, आपला दगड लाव्ह्याचा. हा मात्र बारक्या बारक्या जीवांनी बांधलेला आहे. जिवंत खडकाला हात लावायचा नाही, त्यावर पाय द्यायचा नाही. आणि इथून खडा पण न्यायचा नाही, गुन्हा आहे."

मी लगेच खिसे झाडले. वाळूचे दोन कण निघाले, ते परत टाकले.

पोरांचा अभ्यास सकाळच्या ओहोटीला चालायचा. त्या वेळी मी राहुटीपाशी भाकरी थापत असायचो, त्यामुळं ते तिकडं नेमकं काय करतात हे मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. शिकलेल्या लोकांना मधेच काही विचारलं की आपलं न शिकणं उघडं पडतं, अशी मला धास्ती. एवढंच दिसायचं, की लातूरची एक पोरगी सगळ्यांना कामाला लावते. तीच गटाची मुख्य. तिचा आवाज एवढा, की तिला वाऱ्याची अडचण येत नव्हती.

अभ्यासाच्या तिसऱ्या दिवशी सर लंगडत आले. वाळूतल्या एका मोकळ्या दगडाला ठेच लागून अंगठा काळानिळा झाला होता. चौथ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "मामा, जरा पुढं जाऊन पाणी उतरलं का बघा. तोवर आमचा चहा होतो."

मी गेलो. पाणी उतरलेलं होतं. खडकांच्या अलीकडं आमच्या खळ्याएवढा वाळूचा मोकळा तुकडा, दोन बाजूंना दोन लोखंडी सळया रोवलेल्या, आणि मधे हे दगड विखुरलेले. मेलेल्या पोवळ्यांचे पांढरे तुकडे. ह्यातल्याच एकानं सरांचा अंगठा फोडला होता. वाकून बघतो तर प्रत्येक दगडावर लाल नेलपॉलिशनं नंबर टाकलेला.

आता नंबर पडला की दगड माझा. तीन दिवस हे नंबर इथं पडून आहेत आणि आपण भाकऱ्या थापत बसलो! मला घाम फुटला. पोतं तर आणलेलं नाही, आणि न्यायचं तर काहीच नाही. मग करायचं काय? पेरणीच्या आधी शेतात करतो तेच केलं. एका कोपऱ्यातून सुरू केलं, ओळीनं गेलो, ओळीनं परत आलो आणि वेचलेले दगड कडेला लावत गेलो. बांध घालायचा म्हणजे नुसता ढीग नाही. खालचा थर, त्यावर सांधा चुकवून दुसरा, त्यावर तिसरा. एक दगड हाताला हलका लागला आणि बोटाला टोचलाही, पण तोही नीट बसवला. चाळीस दगड, चार थर. वाळू कशी साफ! सरांचे दोन्ही अंगठे आता सुखरूप, असं म्हणून मी बांधाशेजारी उभा राहिलो.

पोरं आली. लातूरच्या पोरीच्या हातात टेप होती. ती वाळूकडं बघत राहिली. मग माझ्याकडं, मग बांधाकडं.

"मामा, हे काय केलाव?"

"बांध घातलो की, ताई."

"कशाचा?"

"नंबरच्या दगडांचा. सगळे उचललो. एक पण ठेवलो न्हाई."

ती वाळूत खाली बसली. तेवढ्यात सर मागून लंगडत आले. तिनं आवाज चढवला नाही, आणि तेच फार वाईट होतं. "सर," ती म्हणाली, "मामांनी समुद्र झाडून काढला."

मग मला कळलं. लाटा मोकळे दगड किती सरकवतात, हे मोजायचा तो प्रयोग होता. दगड जिथं असेल तिथंच राहू द्यायचा आणि रोज सकाळी दोन्ही सळयांपासून टेप लावून त्याची जागा लिहायची. पाच सकाळी. आज चौथी. आणि काल रात्रीतून कोणता दगड कुठं गेला होता, हे जगात एकाच माणसानं बघितलं होतं, आणि तो सातवी शिकलेला होता.

मला सरांची सही दिसायला लागली. बडे बाबू दिसायला लागले. सर नुसते अंगठ्याकडं बघत होते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"पाणी परत यायला दीड तास हाय," पोरगी म्हणाली. "गेला आजचा दिवस. गेलाच."

माझ्या तोंडून निघून गेलं, "परत ठेवू का?"

"कुठं ठेवताव? जागा कुणाला म्हाईत?"

"मला हाय म्हाईत."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी सांगायला लागलो. बांध घालताना माणूस दगड वाटेल तसा लावत नाही. पहिल्या ओळीतले खाली, शेवटच्या ओळीतले वर. वरून काढत उलटं चालत गेलं की सगळे आपापल्या ओळीत जातात. आणि वाळूत प्रत्येक दगडाचा खळगा अजून ओला आहे. ज्याचा खळगा त्यालाच बसतो, दुसऱ्याला बसत नाही.

पोरगी उठली. वही उघडली. "सर, ह्यातले पाच मोठे दगड तीन दिवस जागचे हललेच न्हाईत. त्यांच्या जागा माझ्याकडं लिहिलेल्या हायत, मामांना म्हाईत न्हाईत. मामांनी ते पाच बरोबर ठेवले, तर बाकीच्यांवर पण विश्वास ठेवू."

"आणि चुकले तर?" एका पोरानं विचारलं.

"तर मामांना समुद्रात सोडू."

सर म्हणाले, "ठेवा मामा."

तिनं आधी बांधाचा फोटो काढला. मग मी वरचा थर काढायला लागलो. दगड उचलायचा, ओळीत जायचं, खळगा बघायचा, बसवायचा, थोडा फिरवायचा. बसला की हाताला कळतं. मागून ती टेप लावायची आणि वहीत बघायची. पहिला मोठा दगड बसवला.

"बरोबर," ती म्हणाली. आवाजात जरा नाराजीच होती.

दुसरा बरोबर. तिसरा. चौथ्याला तिनं नुसतं "हं" केलं. पाचव्याला पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला वर बघायचा धीर नव्हता. लांबून पाण्याची रेघ जवळ यायला लागली होती, म्हणून मी लगेच पुढचा दगड उचलला.

शेवटी बांध संपला, आणि वाळूत एक खळगा रिकामा राहिला.

"चौदा नंबर कुठाय?" पोरगी म्हणाली.

चौदा नंबर नव्हता. मी स्वतः लावला होता, हलका म्हणून लक्षात होता. पण नव्हता. मी खिसे उलटे केले. टोपी काढून दाखवली. "आईशप्पत, मी घेतलो न्हाई. सर, मी खडा पण घेतलो न्हाई."

"मामा, तुम्ही घेतला असं कोण म्हणतंय?" सर म्हणाले.

"चौदाच जायचा होता का रे देवा!" पोरगी कपाळावर हात मारून म्हणाली. तेव्हा कळलं, की चौदा नंबर हा त्यांचा सगळ्यात लाडका दगड. बाकीचे वीतभर सरकायचे, हा रोज दोन-दोन हात जायचा, आणि एकदा तर लाटेच्या उलट्या दिशेनं गेला होता. त्याच्यावर तिनं चार पानं लिहून काढली होती. तळाशी एखादा उलटा प्रवाह असणार, असं सरांनी स्वतः सांगितलं होतं.

मी माझं बोट बघितलं. जिथं टोचलं होतं तिथं बारीक चिमटा काढल्यासारखी दोन लाल टिंबं होती. अशी टिंबं मला लहानपणापासून ओळखीची. आमच्या ओढ्यात बिळात हात घातला की हेच मिळायचं.

"ताई," मी म्हणालो, "चौदाला पाय हायत."

"काय?"

मी बांधाच्या जागेपासून वाळूवर बघत निघालो. टोचल्यासारख्या बारक्या खुणांची एक ओळ निघाली होती. त्या ओळीच्या टोकाला, पाण्यापासून हातभर अंतरावर, पाठीवर लाल नेलपॉलिशचा चौदा घेऊन तो घाईघाईनं चालला होता. शंख होता तो, चुना आणि शेवाळ बसून अगदी दगडासारखा झालेला. आत खेकडा. माणसं जवळ आली की आत जाऊन गप्प पडायचा आणि टेप लावून घ्यायचा.

आम्ही सगळे बघत असतानाच तो पाण्यात शिरला.

"चार पानं," पोरगी म्हणाली. "सर, चार पानं लिहिले मी ह्याच्यावर. उलटा प्रवाह, उलटा प्रवाह करून."

सर आधी नुसते खाकरले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मग ते हसत हसत तिथल्या डबक्यात खालीच बसले, आणि त्यांना उठवायला दोन पोरं लागली. पाणी येईपर्यंत मात्र बाकीच्या एकोणचाळीस दगडांची मोजणी लिहून झाली होती. पाचव्या सकाळी पोरगी राहुटीशी आली आणि म्हणाली, "मामा, भाकरी राहू द्या. टेपचं टोक तुम्ही धरा." मी धरलं. दोन्ही हातांनी धरलं.

नांदेडला परतल्यावर अहवाल तयार झाला. बडे बाबूंनी तो चाळला आणि सरांना विचारलं, "मग? मामांनी काही घोटाळा केला?"

मी दारातच दगड पुसत होतो. सरांनी एक पान उघडून पुढं केलं. त्यावर माझ्या बांधाचा फोटो होता, आणि खाली छापलेलं, 'मानवी हस्तक्षेप'.

"हा केला," सर म्हणाले. "आणि ह्याच्यामुळं आमच्या अहवालातली चार पानं चुकीची छापायची वाचली."

बाबूंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "बांध मात्र चांगला घातलाय," ते म्हणाले. ते पण शेतकऱ्याच्याच घरातले.

पुढच्या सहलीच्या यादीत माझं नाव होतं आणि त्यापुढं सरांची सही होती. ह्या वेळी कोणी काही विचारलं नाही. तो फोटो आता विभागाच्या भिंतीवर आहे, आणि दगडांबरोबर मी तोही रोज पुसतो. पुसताना मला नेहमी दिसतं, की खालून तिसऱ्या थरात एक जागा मोकळी आहे. फोटो काढला तेव्हाच चौदा नंबर निघून गेला होता. आम्ही सगळे समोर उभे होतो आणि कोणालाच दिसलं नाही.