आत्याचा फ्रीजर आणि दोन बोटांची जागा

आमच्या आत्याला पोकळी सहन होत नाही. काचसामानाच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात तिनं एकतीस वर्षं काढली. खोकं भरून झालं की ते कानाशी धरून हलवायचं आणि जरा जरी खुळखुळलं तरी पुन्हा उघडायचं, हा तिचा नियम. तिनं भरलेल्या खोक्यातला एकही पेला कधी फुटला नाही, असं ती सांगते. कारखान्यातले लोकही तेच सांगतात, तेव्हा खरं असावं. ती निवृत्त झाली, पण हात झाले नाहीत. मी होस्टेलला निघालो तेव्हा माझी बॅग तिनं भरून दिली. तिथं पोहोचून मी ती उघडली, आणि पुढची तीन वर्षं मला ती पुन्हा बंद करता आली नाही. घर बदललं तेव्हा तिनं कुकरमध्ये चमचे भरले, बुटांत मोजे आणि मोज्यांत साबण. तिला सगळे खचाखच आत्या म्हणतात. तिला ते आवडतं.

शनिवारी सकाळी तिचा फोन आला. "डिप्लोमा, लवकर ये. फ्रीजर गार राहत नाहीये."

मी रेफ्रिजरेशनचा डिप्लोमा केला, त्या दिवसापासून तिनं माझं नाव टाकूनच दिलंय.

एरवी मी जेवून निघालो असतो. पण त्या फ्रीजरमध्ये ताईचं दूध होतं. ताई म्हणजे आत्याची मुलगी. तिचं बाळ पाच महिन्यांचं, सुट्टी संपलेली, सोमवारी ती कामावर रुजू होणार होती. तीन आठवडे तिनं बाळासाठी आपलं दूध काढून छोट्या पिशव्यांत गोठवलं होतं. प्रत्येक पिशवीवर आत्याच्या अक्षरात तारीख, वेळ आणि माप. आता दाराजवळच्या दोन-तीन पिशव्या कडेनं मऊ पडायला लागल्या होत्या.

"हे वाया गेलं तर मी सोमवारी जात नाही," ताई म्हणाली. बाळ खांद्यावर, आवाज एकदम शांत. ताई शांत बोलली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

दूध आधी शेजारच्या काकूंच्या फ्रीजरमध्ये हलवलं. काकू म्हणाल्या, "राहू दे की. पण उद्या संध्याकाळपर्यंतच हं. मग मी लेकाकडे निघाले, मेन स्विच बंद करून."

बाकी सामान मी भराभर थर्माकोलच्या खोक्यात उपसलं आणि तपासणीला लागलो. दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढली. रबर घट्ट होतं. थंडीची चकती योग्य आकड्यावर होती. कॉम्प्रेसर सुरात गुणगुणत होता. खालच्या नळ्यांवर मात्र बोटभर धूळ. ती झाडली आणि आत फक्त पाण्याची एक वाटी ठेवून रिकामा फ्रीजर चालू केला. संध्याकाळपर्यंत वाटीतल्या पाण्याचा दगड झाला.

"धूळ!" मी जाहीर केलं. "सगळा दोष धुळीचा."

"शिकल्याचा उपयोग होतो बाई," आत्या म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी वाढलं.

खात्रीसाठी त्या गोठलेल्या वाटीवर काहीतरी जड ठेवायचं ठरलं. मधे कधी बर्फ वितळला तर ते बुडणार, म्हणजे चोरी पकडली जाणार. आत्यानं तिच्या कारखान्यातल्या जुन्या कोटाचं पितळी बटण काढून दिलं. मी विजयी मुद्रेनं घरी गेलो.

रविवारी सकाळी वाटी बाहेर काढली. बटण तळाशी.

"बुडालं," ताई म्हणाली. एवढंच.

"दिलेला डिप्लोमा परत घेतात का रे?" आत्यानं विचारलं.

मी फ्रीजरचं दार सताड उघडलं आणि पहिल्यांदाच आत नीट बघितलं. काल घाईत ही कारागिरी माझ्या नजरेतून सुटली होती. मटारच्या पिशव्या विटांसारख्या सपाट करून थेट मागच्या भिंतीपासून रचलेल्या. विटांच्या सांध्यांत मक्याचे दाणे. सुई जायला जागा नाही.

"हे कधी रचलंस?"

"काल, तू गेल्यावर. आधी होतं अगदी तसंच. दुधापुरती जागा मापून सोडलीय पुढे. बघ तरी!"

पुढचा मटार हाताला मऊ लागत होता. मागचा मात्र दगड. माझ्या डोक्यात काहीतरी हललं. दार बंद असल्याचं ओळखणारा खटका मी बोटानं दाबून धरला. आतला पंखा घुमायला लागला. कागदाची पट्टी समोर धरली, ती ढिम्म. मग एकेक रांग काढत गेलो. शेवटची वीट निघाली तसे मागच्या भिंतीतले झरोके दिसले, आणि पट्टी फडफडली.

"आत्या, थंडी इथून येते."

"इथून?" तिनं चष्मा सावरला. "मला वाटलं, ती आतच असते."

"नाही गं. मागून येते, सगळीकडे फिरते आणि परत जाते. तू तिच्या तोंडावर मटार रचलास."

"पण मोकळं सोडलं तर सामान हलेल ना?"

"हलू दे. मटार फुटत नाही. आणि मला सांग, कारखान्यात गोदाम भिंतीपासून दारापर्यंत भरायचात?"

"वेडा का तू? हातगाडी कुठून फिरणार मग? वाट सोडावीच..." आत्या थांबली. झरोक्यांकडे बघत राहिली. "म्हणजे ही हातगाडीची वाट?"

"अगदी तीच."

"मग हे काल सांगायचं! धूळ धूळ काय करत बसलास?"

मी मटारच्या पिशव्या एकेक करून तिच्या हातात देऊ लागलो.

तिनं फ्रीजर पुन्हा भरला. अर्धा मटार बाहेर राहिला. तो आम्ही पुढचे चार दिवस खाल्ला. मागे दोन बोटं जागा सोडायची होती. मक्याची पिशवी घेऊन तिचा हात तीनदा तिकडे गेला, तीनदा मागे आला. शेवटी तिनं एक चिठ्ठी लिहिली आणि झरोक्यांखाली चिकटवली: "हवा. दाबू नये." खाली तारीख.

संध्याकाळी काकूंनी कुलूप लावलं. आता दूध पुन्हा आत्याच्या फ्रीजरमध्ये, सोबत नवी वाटी आणि तेच बटण.

सोमवारी मी ताईच्या निघण्याच्या वेळेला मुद्दाम गेलो. तिनं स्वतः फ्रीजर उघडला. बटण बर्फावर, जसंच्या तसं. तिनं दुधाची सगळ्यात पुढची पिशवी उचलून टेबलाच्या कडेवर आपटली. टक् आवाज आला. मग तिची नजर चिठ्ठीवर गेली आणि दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली. बाळाचा पापा घेतला, बाळ आत्याकडे दिलं, पर्स उचलली आणि मागं वळून न बघता जिना उतरली.

आत्या बाळाला घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं फ्रीजरच्या दाराला कान लावला.

"फिरतेय हातगाडी," ती बाळाला म्हणाली.