शंभर मीटरच्या खाली

ग्लायडरच्या मैदानावर सगळे तिला मोजणीबाई म्हणायचे. नकाशांच्या कचेरीतून निवृत्त झालेली बाई. शर्यत संपली की प्रत्येक ग्लायडरमधली नोंदपेटी तिच्या टेबलावर यायची आणि कोण किती उंचीवरून आला ते ती काढायची. ग्लायडरला इंजिन नाही. वेग हवा तर उंची मोडावी लागते. म्हणून नियम होता: शेवटची रेषा शंभर मीटरच्या वरूनच ओलांडायची, नाहीतर शून्य गुण. कुंपणापलीकडे वाहता रस्ता होता. क्लबच्या अध्यक्षांना मात्र खाली फक्त टाळ्या वाजवणारे दिसायचे.

शेवटच्या दिवशी दोघं खालून आली. अध्यक्षांचा भाचा एकसष्ट मीटरवर. त्याला बघून एक सायकलवाला घाबरून खड्ड्यात गेला. आणि बाईची स्वतःची लेक ब्याण्णववर. शर्यत जिंकणाऱ्याला देशाच्या संघातली एकुलती एक जागा मिळणार होती. तरी तिने दोघांपुढे शून्य लिहिलं.

अध्यक्ष गोड हसत आले. "अहो ताई, पेट्याच बिघडल्यात बहुतेक. दोघांनाही माफ करून टाकू. तुमची लेक पहिली येतेय, आमचा दुसरा. पोरं आहेत, कशाला मोडता घालता?"

असल्या माणसांची कमाल असते. भाच्यासाठी नियम वाकवायचा आणि वर आपल्यावरच उपकार!

"तुमचं पोर छत्तीस वर्षांचं आहे," बाई म्हणाली. "आणि बाकीच्या एकवीस पेट्या धडधाकट, तुमच्या घरची तेवढी आजारी?"

"तुमच्याही घरची आहेच की!"

"माझ्या घरची ठणठणीत आहे. पोरगी खाली आली, पेटीने सांगितलं."

अध्यक्षांनी समिती बसवली. चार शहाण्यांनी चहा घेतला, माना डोलावल्या, आणि दहा मिनिटांत दोन्ही पेट्या सदोष ठरल्या. सायकलवाल्याला कुणी विचारलंही नाही.

फळ्यावर यादी लागली. लेक धावत आली, पहिलं नाव वाचून थबकली.

"आई, मी खरंच किती वर होते?"

"ब्याण्णव."

"आठच मीटर गं!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईला वाटलं, आता ही आपल्याशी जन्मभर बोलायची नाही. लेकीने टेबलावरचं पेन उचललं आणि फळ्यावरचं स्वतःचं नाव खोडलं.

यादीत आता भाचा पहिला होता. अध्यक्षांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.